राहण्याचा पत्ता

"तुमच्या नावापुढे खूण आहे," खिडकीपलीकडची मुलगी म्हणाली, आणि आर्डिलिया टिब्ज उगीचच हसली. निवडणूक कचेरीत ती आली होती एवढंच विचारायला की, बाकी सगळ्यांना मतदानाचं कार्ड टपालाने आलं, माझंच कसं नाही आलं. चर्चमधल्या बायकांनी आपापली कार्डं पर्समधून काढून एकमेकींना दाखवली होती, लग्नाचे फोटो दाखवावेत तशी. आणि ती मात्र "माझं घरी आहे" असं म्हणून गप्प बसली होती. "कसली खूण?" तिने विचारलं. मुलीने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "या पत्त्यावर तुम्ही राहत नाही, असं कळवलंय." "कुणी?" "ते इथे दिसत नाही, मॅडम. 'राहत नाही' एवढंच आहे." "मी राहते. मे महिन्यापासून तिथेच राहते. मी स्वतः येऊन पत्ता बदलून गेले, याच खिडकीत." "मग मतदानाच्या दिवशी केंद्रावर सांगा. ते एक कागद भरून घेतील, वेगळ्या पाकिटात मत देता येईल." मुलगी वाईट नव्हती. तिचा आवाज मऊ होता, केस सोनेरी होते, आणि बोटांत पेन्सिल होती. पण आर्डिलियाला त्या मऊपणातच काहीतरी खटकलं. मागच्या माणसाने घसा खाकरला. ती बाजूला झाली.

बाहेर ऊन होतं, पण ऑक्टोबरचं, नुसतं दिसणारं, अंगाला न लागणारं. बस येईपर्यंत ती थांब्यावर उभी राहिली, आणि तो शब्द तिच्या दातांत अडकलेल्या तंतूसारखा जिभेला लागत राहिला. कळवलंय. म्हणजे आपोआप झालेलं नाही. यंत्राने चूक केलेली नाही. कुणीतरी बसून, विचार करून, फोन उचलून किंवा कागद घेऊन कळवलंय की आर्डिलिया टिब्ज तिथे राहत नाही. यंदाच, आणि या निवडणुकीला. साठ वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच मतपत्रिकेवर अगदी वरच्या ओळीत तिच्यासारख्या रंगाच्या माणसाचं नाव छापून येणार होतं, आणि नेमकी त्याच वर्षी ती कुठेही राहत नव्हती. तिला बाप आठवला. अलाबामात, ती सहा-सात वर्षांची असताना, रविवारचे कपडे घालून तो तालुक्याच्या कोर्टात मतदार म्हणून नाव नोंदवायला गेला होता आणि तासाभरात परत आला होता. आईने काही विचारलं नाही. त्याने टाय काढून खुंटीला अडकवला, आणि जनावरांना पाणी पाजायला गेला. तिथल्या गोऱ्या माणसांनी त्याला काय सांगितलं, हे त्याने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. पण त्याला निदान समोरासमोर सांगितलं होतं. तोंड तरी दिसलं होतं त्याला.

बसमध्ये बसल्यावर तिने सरळ हिशेब मांडला: ठाऊक कुणाला होतं? मे महिन्यात तिच्या घरावर जप्ती आली. बेअरिंगचा कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत शाळेच्या खानावळीत वाढपीण म्हणून मिळालेलं काम घराचे हप्ते भरायला कधीच पुरलं नव्हतं. दारावर कागद चिकटवून गेले, त्या दिवशी तिने तो ओरबाडून काढला आणि स्वयंपाकघरात बसून त्याचे बारीक तुकडे केले. लाज वाटत होती. शेजाऱ्यांना सांगितलं, मुलीकडे कोलंबसला चाललेय. चर्चमध्ये सांगितलं, धाकट्या बहिणीची तब्येत बरी नसते, येऊन-जाऊन असते. त्या बहिणीच्या, रोझेटाच्या, घरातच ती राहायला आली हे फक्त रोझेटाला ठाऊक होतं. आणि एकाच माणसाला, कारण सामान त्याच्याच पिकअप ट्रकमधून आलं होतं. लेन होव्हानेक.

त्याचं नाव मनात आलं तेव्हा तिला धक्का बसला नाही, उलट काहीतरी जागेवर बसल्यासारखं वाटलं, आणि तेच तिला आवडलं नाही. एकोणीस वर्षं ती आणि होव्हानेक एकाच लाइनवर समोरासमोर उभे होते. तो बेअरिंगच्या कड्या घासायचा, ती तपासायची. कारखान्यात सगळे आडनावानेच हाका मारायचे. तो तिला टिब्ज म्हणायचा, आणि त्याच्या तोंडून ते आडनाव इतक्या वेळा आलं होतं की स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडूनही तिने ते इतकं ऐकलं नसेल. नवरा वारला तेव्हा होव्हानेकच्या बायकोने बटाट्याच्या करंज्यांचं मोठं पातेलं पाठवलं होतं. मेमध्ये तो आपण होऊन आला. तिचा जुना फ्रीझर त्याने एकट्याने पाठीवर घेऊन पायऱ्या उतरवला, आणि पेट्रोलचे पैसे देऊ केले तर म्हणाला, "टिब्ज, तोंड बंद ठेव आणि दार धर." रोझेटाच्या दारात सामान उतरवताना त्याने इकडेतिकडे पाहिलं होतं. आता तिला आठवलं की पाहिलं होतं, आणि घराचा क्रमांक मोठ्याने वाचला होता. "चौदा-बावीस," तो म्हणाला होता. तेव्हा वाटलं होतं, पुन्हा भेटायला यायचं म्हणून वाचतोय.

आणि मग जे जे चांगलं होतं ते ते उलटं होऊन तिच्यासमोर यायला लागलं, घडी घातलेल्या कपड्याची आतली शिवण दिसावी तसं. डब्यातला अर्धा केक तो तिला द्यायचा. पण जेवायला मात्र आपल्या गोऱ्या माणसांच्या टेबलावर जायचा, खिडकीकडच्या. एकदा यंत्रजुळणीच्या जागेवर मार्कस पेटवे या काळ्या माणसाची नेमणूक झाली तेव्हा होव्हानेक दिवसभर बोलला नव्हता आणि संध्याकाळी म्हणाला होता, "तुझ्याबद्दल नाही बोलत मी टिब्ज, पण वरच्यांना तुमचा एखादा वर न्यावाच लागतो. कायदा आहे." तुझ्याबद्दल नाही बोलत. एकोणीस वर्षांत हे वाक्य तिने किती वेळा ऐकलं असेल. आणि ती स्वतः युनियनच्या प्रतिनिधीपदासाठी उभी राहिली ते वर्ष. अकरा मतांनी पडली. निकाल लागल्यावर होव्हानेकने येऊन हात हातात घेतला आणि म्हणाला, "माझं तर तुलाच होतं." तिने आभार मानले. पण त्या रात्री तिने त्याच्या बाजूच्या माणसांची नावं एकेक करून मोजली होती; जे जे तिला भेटून 'माझं तुलाच' म्हणाले होते त्या सगळ्यांची मतं खरीच पडली असती तर ती आरामात निवडून आली असती. म्हणजे कुणीतरी खोटं बोललं होतं, नव्हे पुष्कळ जण. तिने पुढे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर समोरासमोर उभं राहून कड्या तपासणं अवघड झालं असतं.

या उन्हाळ्यात त्याच्या घराच्या हिरवळीवर दुसऱ्या उमेदवाराची पाटी लागली. रोझेटाच्या घरापासून त्याचं घर दोनच गल्ल्या पलीकडे होतं, रुळांच्या त्या बाजूला, आणि किराणा आणायला जाताना ती पाटी चुकवता येत नसे. त्याचं पेन्शन निम्म्यावर आलं होतं, बायको एका मोटेलात चादरी बदलायला जात होती. कुंपणाशी उभा राहून तो एकदा म्हणाला, "मला सांग, तुमचा हा माणूस निवडून आला की आधी कुणाचं बघणार? माझं की तुझं?" "दोघांचंही बघेल कदाचित," ती म्हणाली होती. "दोघांचं आजवर कुणी बघितलंय?" मग हसून म्हणाला, "तू त्याला देणार ते कातडी बघूनच ना? खरं सांग." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली होती. चाळीस वर्षं ती गोऱ्या माणसांना मतं देत आली होती, आणि का देतेस असं तिला कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

घरी आली तेव्हा रोझेटा सोफ्यावर पडली होती. सोमवार-बुधवार-शुक्रवार तिला डायलिसिसला न्यायला गाडी यायची, आणि तिथून आल्यावर ती धुऊन वाळत टाकलेल्या फडक्यासारखी दिसायची. डाव्या हातावर पट्टी होती. आर्डिलियाने कोटही न काढता सगळं सांगितलं. रोझेटाने डोळे मिटूनच ऐकलं.

"कोण कळवणार असं?" आर्डिलिया म्हणाली.

"तुझा तो पोलिश माणूस."

"पोलिश नाही, स्लोव्हाक आहे."

"तेच ते. दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? तूच सांग ना." रोझेटाने कूस बदलली. "मी तेव्हाच म्हटलं होतं, त्याला घरापर्यंत आणू नकोस. एवढा चांगुलपणा फुकट नसतो, डी."

"मी मतदानाच्या दिवशी जाऊन कागद भरणार आहे."

"कसला कागद?"

"इथे राहते म्हणून. सही करायची, झालं."

फ्रीज सुरू झाला आणि बंद पडला. "सोडून दे ना," रोझेटा म्हणाली. "मी टपालाने पाठवलंय माझं मत. घरातून एक गेलं की झालं. तुझ्या एकीच्या मताने का तो निवडून यायचाय? त्या खुर्चीवर कोट टाकू नकोस, आत नेऊन ठेव."

पुढचे बारा-तेरा दिवस आर्डिलियाने जगाकडे डोळे बारीक करून पाहिलं. टपालवाला चालता चालता रोझेटाच्या पेटीपाशी थबकला तर तिला वाटायचं, हासुद्धा सामील असेल. वर्षानुवर्षं लोकांची नावं हाच वाचतो, कोण कुठे राहतं हे याच्याइतकं कुणाला ठाऊक? पिवळं जाकीट घातलेली दोन कॉलेजातली पोरं प्रचाराला दारावर आली, तिच्याच उमेदवाराची, गोड बोलणारी. हातात यादी होती आणि यादीत रोझेटाचं नाव होतं, तिचं नव्हतं. "घरात आणखी कुणी मतदार?" एकाने विचारलं. आतून रोझेटा ओरडली, "नाही! मी एकटीच असते!" आणि आर्डिलिया स्वतःच्या पायांकडे बघत दारात उभी राहिली, कामवाली असावी तशी. पोरं 'बरं' म्हणून, काहीतरी लिहून घेऊन निघून गेली. त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. रोझेटाचं हे असं पहिल्यापासूनच होतं. टपालपेटीवर नाव लिहू नकोस. दार वाजलं तर आधी खिडकीतून बघ. मागच्या दाराने येत जा. घराच्या भाड्याचा मोठा वाटा सरकारी अनुदानातून जायचा, आणि अनुदानाच्या कागदावर एकाच माणसाचं नाव होतं; दुसरं कुणी राहताना सापडलं की घर जायचं. वरच्या मजल्यावरची मिसेस गेन्स मुलगा तुरुंगातून सुटून आला तेव्हा त्याला घरात ठेवून बसली. कुणी तरी त्याच्या नावाचं एक पत्र पाहिलं, आणि नाताळच्या आठवडाभर आधी मिसेस गेन्सचा पलंग फुटपाथवर आला. रोझेटाने तो पलंग खिडकीतून पाहिला होता. हे सगळं आर्डिलियाला माहीत होतं. माहीत असूनही तिने ते एका बाजूला ठेवलं होतं आणि होव्हानेक दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींच्या मधली जागा तिने कधी तपासली नव्हती. जिची जन्मभराची नोकरी कड्यांमधली फट तपासण्याची होती.

होव्हानेकला तिने टाळलं. तो ट्रकमधून जाताना हॉर्न वाजवायचा, ती दुकानाच्या काचेत बघत उभी राहायची. एकदा त्याने गाडी हळू केली, खिडकीची काच खाली केली. "टिब्ज! काय झालंय? बायको मेली का माझी, मला न सांगता?" हा त्याचा जुना विनोद होता. ती म्हणाली, "घाईत आहे." त्याने पुढे जाईपर्यंत आरशात तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, बघतोय, मला कळलंय का ते बघतोय. रात्री अंथरुणात ती त्याचा फोन ऐकायची. तो निवडणूक कचेरीत फोन करून बोलतोय, आवाज नेहमीसारखाच, जरा खर्जातला, बाजूला कॉफीचा मग. चौदा-बावीस, तो सांगतोय, ती बाई तिथे राहत नाही. हे तिने इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी त्यात त्याचा खोकलाही यायला लागला.

मंगळवारी सकाळी तिने निळा कोट घातला, लिपस्टिक लावली. रोझेटा जागी होती. "बाहेर गारठा आहे," ती म्हणाली. "रांग मोठी असेल. तुझे गुडघे." "बसायला मिळेल कुठेतरी." "डी," रोझेटा म्हणाली, आणि मग म्हणाली, "येताना दूध आण."

रांग प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेतून बाहेर पडून झेंड्याच्या खांबाला वळसा घालून पार रस्त्यापर्यंत आली होती. एवढी माणसं आर्डिलियाने या शाळेत कधी पाहिली नव्हती. व्हीलचेअरवरच्या म्हाताऱ्या होत्या, रात्रपाळीहून थेट आलेले होते, एक पोरगेलीशी आई बाळाला कोटात कोंबून उभी होती. काळी माणसं एकमेकांकडे बघून हळूच मान हलवत होती, जोरात बोललं तर काहीतरी मोडेल अशा बेताने. गोरी माणसं पुढे बघत होती. की तिलाच तसं दिसत होतं? तिने मनातल्या मनात प्रत्येक गोऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवून पाहिलं: हा त्याला देणार, हा नाही, ही नाही, हा म्हणेल देतो आणि देणार नाही. मग पुढे, पंधरा-वीस माणसं सोडून, तिला ओळखीची खाकी टोपी दिसली, आणि नेमकं त्याच क्षणी होव्हानेकने मागे वळून पाहिलं.

"टिब्ज! इकडे ये." तो मोठ्याने म्हणाला. "मी जागा धरलीय हिची," त्याने मागच्या लोकांना सांगितलं, जे अर्थातच खोटं होतं. "गुडघे गेलेत बाईचे. कारखान्यात गेलेत. सरका जरा." लोक सरकले. तिला जायचं नव्हतं, पण सगळे बघत होते, आणि गुडघे खरोखरच दुखत होते. ती जाऊन त्याच्यापुढे उभी राहिली. तो मागे. तासभर तसे उभे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा चेहरा तिच्यासमोर नव्हता. नुसता श्वास होता, आणि तंबाखूचा वास, आणि मधूनमधून एखादं वाक्य. बायकोच्या पाठीचं काहीतरी. ट्रक विकायला काढलाय. "तू माझ्यावर रागावलीयस," तो एकदा म्हणाला. "पाटीमुळे का?" ती एक पाऊल पुढे सरकली. "पाटी काय, वारा आला की पडते," तो म्हणाला.

टेबलामागे कानटोपी घातलेली एक वृद्ध गोरी बाई होती आणि तिच्याशेजारी एक काळे, चष्मेवाले निवृत्त शिक्षक असावेत असे गृहस्थ. बाईने यादीवर पट्टी सरकवली, थांबली. "टिब्ज. आर्डिलिया." तिने गृहस्थांकडे पाहिलं. ते उठून बाजूच्या छोट्या टेबलाशी आले आणि त्यांनी आर्डिलियाला खुर्ची दिली. "बसा, सिस्टर. घाबरायचं काही नाही. सकाळपासून सहावं प्रकरण आहे. तुमचं कार्ड परत आलंय, एवढंच."

"परत आलंय म्हणजे? कुणीतरी कळवलंय म्हणाली ती मुलगी."

"तेच ते. आम्ही कार्ड पाठवतो. ते परत आलं की यंत्रात तशी नोंद होते." त्यांनी फाइलमधून एक पाकीट काढलं, त्यातून कार्ड. "हे बघा."

कार्डावर तिचं नाव छापलेलं होतं आणि पत्ता, चौदा-बावीस. त्यावर निळ्या पेनाने तिरकी रेघ मारली होती आणि खाली लिहिलं होतं: ही व्यक्ती इथे राहत नाही. अक्षर मोठं होतं, गोल, शाळेतल्यासारखं. 'टी'ची आडवी रेघ खूप वर, आकाशात तरंगणारी. ते अक्षर तिने स्वतः शिकवलं होतं. पाच वर्षांच्या रोझेटाचा हात हातात धरून, दिव्याच्या काचेवरच्या काजळीत, आणि ती आडवी रेघ पहिल्यापासून वरच जायची. कितीदा सांगितलं तरी वरच.

तिने कार्ड उलटं केलं, मागे काही नव्हतं. पुन्हा सुलटं केलं. तिला राग यायला हवा होता आणि ती त्याची वाट बघत बसली, थांब्यावर बसची बघावी तशी. आलं ते दुसरंच काहीतरी. दुपारची वेळ तिला दिसली, टपाल येण्याची. रोझेटा काठी टेकत पेटीपाशी जाते, कार्ड बघते, सरकारी शिक्का बघते. इकडेतिकडे बघते. आत येऊन बराच वेळ बसते. मग पेन शोधते. इतकी मोठी भीती आणि इतकं गोल अक्षर. आणि मग त्यानंतर, दिवसांमागून दिवस, 'तुझा तो पोलिश माणूस'.

"इथे सध्याचा पत्ता लिहा," गृहस्थ म्हणाले. "त्या घरी तुमच्या नावाने आलेलं एखादं बिल असेल, बँकेचा कागद असेल, तर तो दहा दिवसांत आणून दाखवा. इथे सही. तुमचं मत मोजलं जाईल. मी स्वतः बघेन."

"हा कागद कोण बघतं?"

"म्हणजे?"

"नंतर. कुठे जातो हा?"

ते जरा गोंधळले. "कचेरीत. यादीत पत्ता पक्का होतो मग. यादी काय, सगळ्यांना खुली असते. लपवण्यासारखं काही नसतं त्यात." मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं. ते पुढे झुकून हलक्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, आजच्या दिवशी परत जाऊ नका. काहीही असो. आजच्या दिवशी नको."

तिने पेन घेतलं. नाव लिहिलं, ते चांगलं आलं. मग पत्त्याची ओळ. चौदा, तिने लिहिलं. खोलीत बुटांचा आवाज होता आणि लहान मुलांच्या घामाचा जुना वास. हा माणूस चांगला दिसत होता, चांगला होताच. पण यादी सगळ्यांना खुली होती, आणि मिसेस गेन्सलाही चांगलीच माणसं भेटली असतील. एकाने पत्र पाहिलं, एकाने नोंद केली, एकाने पलंग उचलला, आणि प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं. रोझेटाला फुटपाथवर ठेवलं तर तिची गाडी तिला न्यायला कुठे येईल, हा विचार तिच्या डोक्यात आला, आणि तो इतका साधा, इतका व्यवहारी होता की त्यापुढे बाकीचं सगळं मोठं मोठं गप्प झालं. तिने पेन खाली ठेवलं. कागदाची घडी घालून कोटाच्या खिशात टाकली. "ओळखपत्र घरी राहिलं," ती म्हणाली. "घेऊन येते." गृहस्थांनी चष्मा काढला. ओळखपत्र टेबलावर, दोघांच्या मध्ये पडलेलं होतं. त्यांनी ते उचललं आणि तिच्या हातात दिलं.

बाहेर होव्हानेक ट्रकला टेकून उभा होता. कोटावर 'मी मतदान केलं'चा गोल कागद चिकटवलेला. "झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"मी तुला खोटं नाही सांगणार, टिब्ज. त्याला नाही दिलं. आत उभा राहिलो, पेन हातात घेतलं, तुझा विचारसुद्धा केला. पण हात गेला नाही तिकडे."

"मला माहीत होतं."

"आता तर आणखी रागावशील."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. बारा-तेरा दिवस ती या चेहऱ्यामागे जे शोधत होती ते तिथे नव्हतं. जे होतं ते सगळं वरच होतं, उघड्यावर. "त्या वर्षी युनियनच्या निवडणुकीत," ती म्हणाली, "मला दिलं होतंस?"

त्याने टोपी मागे सारली. रुळांवरून एक लांबलचक मालगाडी जात होती आणि ती जाईपर्यंत तो थांबला. "नाही," तो म्हणाला. "टेबलावरच्या सगळ्यांनी ठरवलं होतं. त्या रात्री मला झोप नाही लागली, खरं सांगतो. झोप लागली नाही, पण दिलं नव्हतं."

"बरं."

"नुसतं बरं?"

"दूध घ्यायचंय मला," ती म्हणाली.

"बस, सोडतो." दार उघडून त्याने सीटवरची अवजारं बाजूला केली. दुकानापाशी ती उतरताना तो म्हणाला, "चल, हिशेब सरळ झाला. तुझं एक त्याला, माझं एक ह्याला. फिटलं की नाही?" आणि हसला, मनापासून, जुन्या दिवसांसारखा. तिने मान हलवली. दुकानात दुधाच्या कपाटापुढे ती एवढा वेळ उभी राहिली की काचेवर तिच्या श्वासाचं धुकं आलं. एक ह्याला. नुसतं एक, आणि समोर काही नाही.

रोझेटा स्वयंपाकघरात होती. हिरव्या भाजीत डुकराच्या पायाचं हाड शिजत होतं, मक्याचा पाव ओव्हनमध्ये. एवढा वेळ उभं राहणं तिला झेपत नसे. "दिलंस?" पाठ वळवूनच तिने विचारलं.

"नाही."

रोझेटाचे खांदे खाली आले. आर्डिलियाने ते पाहिलं, नजर रोखून पाहिलं, आयुष्यभर ज्या नजरेने तिने पोलाद पाहिलं होतं त्याच नजरेने. सुटकाच होती ती. मग रोझेटाने गॅस बंद केला आणि ओट्याला धरून रडायला लागली, आणि आता हे रडणं कशाचं, हे आर्डिलियाला ठरवता येईना. लाजेचं असेल. सुटकेचंच असेल. किंवा, हाही विचार आलाच, आपल्याला दिसावं म्हणून असेल.

"तुला कळलं," रोझेटा म्हणाली.

"अक्षर अजून तसंच आहे तुझं."

"शिव्या दे ना मला. बोल काहीतरी."

"बस तू. पाव जळेल," आर्डिलिया म्हणाली, आणि फडकं घेऊन ओव्हनपाशी गेली.

बुधवारी सकाळी सगळी गल्ली बाहेर होती. लोक गाड्यांचे हॉर्न वाजवत होते, समोरची म्हातारी रात्रीच्या झग्यावर कोट घालून फाटकात नाचत होती, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. आर्डिलियाला गल्लीतल्या दोघीजणींनी मिठी मारली, आणि "आपण करून दाखवलं!" म्हणाल्या, आणि ती "हो" म्हणाली. आनंद खरा होता, तिच्याही आत होता, पण परक्याच्या लग्नात जेवायला बसल्यासारखा. कुणीतरी येऊन विचारेल, तुम्ही मुलाकडच्या की मुलीकडच्या?

डायलिसिसची गाडी आली. नेहमीचा ड्रायव्हर सुट्टीवर होता. हा नवा होता, तरुण, तिच्याच रंगाचा, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे लाल आणि चेहरा उजळलेला. हातात लिहायचं पॅड, पॅडला कागद, कानावर पेन. "गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग! काय दिवस आहे, मावशी! दिलंत ना दोघींनी?"

"दोघींनी दिलं," रोझेटा म्हणाली.

आर्डिलियाने तिला एका बाजूने धरलं, त्याने दुसऱ्या. पायरीवर रोझेटा थांबली, दम घ्यायला असेल. मग तिने आर्डिलियाचा हात घट्ट पकडला आणि त्या पोराकडे बघून, गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "ही माझी मोठी बहीण. इथेच राहते. माझ्यापाशी."

"अरे वा," ड्रायव्हर म्हणाला, आणि कानावरचं पेन काढलं.

तो नुसती वेळ लिहिणार होता, बहुधा. आर्डिलियाने पेनाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "नाही हो," ती चटकन म्हणाली. "पाहुणी आलेय. चार दिवसांसाठी." आणि बहिणीचे पाय उचलून तिने गाडीत आत ठेवले.